बांगड्या सध्या कुठे आहेत

३ तारीख, सोमवार

एखादा हप्ता चुकवला असता तर मी गप्प बसले असते. चुकवलेला नाही. चौदा महिने, चौदा हप्ते, प्रत्येक वेळी पाच तारखेच्या आत, स्वतः चालत जाऊन. तरी आज पेढीवाला मला म्हणतो, "ताई, तारण कमी पडतंय." कमी पडतंय म्हणजे? माझ्या चार बांगड्या त्याच्याकडे गहाण आहेत. चौदा महिन्यांपूर्वी चार होत्या, आजही चारच. बांगड्या काय सुती कापडासारख्या आटतात?

"सोन्याचा भाव उतरलाय," तो म्हणाला.

"उतरू दे. मी विकायला काढलंय का?"

"तसं नाही ताई. आधी शंभराच्या सोन्यावर ऐंशी देत होतो. आता वरून आलंय, पासष्टच द्यायचे. मधले पंधरा तुम्ही भरा, नाहीतर अजून एखादा दागिना आणून ठेवा. तोवर व्याज दीडऐवजी दोन टक्के."

"वरून म्हणजे कुठून?"

त्याने बोट छताकडे केलं. छताला पंखा होता. बंद.

घरी आले तर टीव्हीवर टाय लावलेला माणूस सांगतोय, मोठ्या बँकेने दर आहे तोच ठेवला. मोठी बँक म्हणजे सगळ्या बँकांना पैसे देणारी बँक, एवढं मलाही ठाऊक आहे. तिने दर वाढवला नाही, मग माझा कसा वाढला? ह्यांना विचारलं. हे चादरींच्या घड्या घालत होते. म्हणाले, "मला विचारू नकोस. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेयस. त्यापेक्षा लिही." आणि ही डायरी हातात दिली. माझी नणंद बँकेत आहे, तिला दरवर्षी फुकट मिळते. पहिल्या दोन पानांवर ह्यांनी निळीचा हिशोब लिहिलाय. बाकी कोरी.

चौथीपर्यंतचं माझं शिक्षण. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. पण वाचणार कोण आहे?

४ तारीख, मंगळवार

इस्पितळाच्या एकशे वीस चादरी आल्या. रक्ताचे डाग गार पाण्यात, हे अजून नव्या बाईला कळत नाही. गरम पाण्यात टाकल्या. आता ते डाग त्या चादरींबरोबरच म्हातारे होणार.

बांगड्यांचं लिहून ठेवते, म्हणजे डोकं मोकळं होईल. आमची लॉन्ड्री आहे. पुढे दुकान, मागे धुलाई, वर घर. चौदा महिन्यांपूर्वी जुना बॉयलर फुटला. नवीन घेतला नसता तर इस्पितळाचं काम गेलं असतं आणि इस्पितळाचं काम म्हणजे आमचं निम्मं पोट. म्हणून आईच्या चार बांगड्या ठेवल्या. आईने जाताना दोघी बहिणींना दोन दोन दिल्या होत्या. धाकटीच्या दोन माझ्याकडेच होत्या. ती दूर राहते, भाड्याच्या घरात, चोराची भीती, म्हणून म्हणाली, "तुझ्याकडे ठेव ताई, तुझं कपाट लोखंडी आहे." कपाटात नुसत्या पडून होत्या. पडून राहून काय करणार होत्या? दोन बांगड्यांत बॉयलर येत नव्हता, चारांत आला. तिला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. सोडवून परत कपाटात ठेवणारच होते.

दुकानात लटकलेला राखाडी कोट आज हॉटेलात मुलाखतीला निघालेला एक माणूस भाड्याने घेऊन गेला. तीन दिवसांसाठी. माप अगदी बसलं. निम्मे पैसे आगाऊ घेतले.

६ तारीख, गुरुवार

नणंद आली. ती बँकेत तारणाच्या कागदांच्याच टेबलावर बसते, म्हणून बोलावलं होतं. आल्या आल्या खुर्चीवरची चादर उचलून वास घेतला. तिची सवयच आहे.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं. "आता सांग. पेढीवाला कोणाच्या सांगण्यावरून माझं व्याज वाढवतो?"

"वहिनी, पेढीवाल्याकडे स्वतःचे पैसे असतात असं वाटतं का तुला?"

"मग कुणाचे असतात?"

"तू त्याच्याकडे सोनं ठेवलंस. त्याने तेच सोनं उचलून एका बँकेकडे ठेवलं आणि पैसे आणले. त्यातले तुला दिले. त्या बँकेने त्याचे कागद केले, ते अजून वरच्या बँकेकडे ठेवले. असं करत करत मोठ्या बँकेच्या दारापर्यंत जातं."

"थांब. माझ्या बांगड्या त्याच्या तिजोरीत नाहीत?"

"असतीलही. नसतीलही. नसण्याची शक्यता जास्त."

मी हातातला स्टार्चचा डबा खाली ठेवला. मला न विचारता? माझी वस्तू? मी त्याला ठेवायला दिली होती, फिरवायला नाही. नणंद म्हणाली, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तू सही केलीयस. मी पावती काढली. मागे मुंग्यांच्या रांगेसारखं काहीतरी आहे खरं. मुंग्या वाचायला कोणी शिकवलं होतं मला?

मग तिने मला चांगलंच खाली आणलं. मला वाटत होतं, दीड टक्का मी घासाघीस करून मिळवला. शेजारचा दोन भरत होता. गेलं वर्षभर मी हे चारचौघांत सांगतेय. नणंद हसली.

"तुझ्या बांगड्या जुन्या, चोख, कुठे डाग देऊन जोडलेल्या नाहीत. असं सोनं वर डोळे मिटून घेतात. गेल्या वर्षी वर ठेवण्यासारख्या चांगल्या तारणाची टंचाई होती. पैसे होते, तारण नव्हतं. म्हणून ज्याच्याकडे चांगली वस्तू त्याला पैसे स्वस्त. त्याला बांगड्या हव्या होत्या वहिनी. तुझी घासाघीस नाही."

"आणि आता?"

"आता भाव पडला. मोठ्या बँकेने दर तोच ठेवला, पण सोन्यावर पैसे किती द्यायचे तो आकडा खाली आणला. दराची बातमी होते. ह्या आकड्याची होत नाही. पण खाली तुझ्यापर्यंत पोचतो तो हाच."

"म्हणजे टीव्हीवर सांगतात तो दर खोटा?"

"खोटा नाही. बोर्डावरचा आहे."

जाताना दोन उशांचे अभ्रे इस्त्रीला टाकून गेली. पैसे देत नाही. घरचंच समजते.

७ तारीख, शुक्रवार

मला समजलं. इस्त्री करता करता समजलं. आपल्या कोटासारखं आहे.

आमच्या दुकानातल्या बोर्डावर कोट धुवायचा दर लिहिलाय, तो चार वर्षांत बदललेला नाही. पण बोटीवर नोकरी करणारा एक माणूस आहे, तो सहा सहा महिने समुद्रावर असतो. जाताना त्याचा चांगला राखाडी कोट आमच्याकडे धुवायला टाकून जातो आणि परत आला की नेतो. मधे तो कोट नुसता लटकतो. मुलाखतीला जाणारे लोक येतात, त्यांना मी देते, दिवसाच्या भाड्याने. एरवी थोडंच मिळतं. पण गेल्या महिन्यात त्या नव्या कचेरीची भरती निघाली तेव्हा गल्लीत चांगला कोट एकच आणि मुलाखती वीस. तिप्पट देत होते. बोर्ड तोच. दर मात्र कोट ठरवत होता.

सोन्याचंही तसंच. बोर्ड मोठ्या बँकेच्या हातात आहे, पण चांगली वस्तू किती आहे आणि ती ठेवून घ्यायला कोण तयार आहे, त्यावर खालचा दर हलतो. नणंदेला फोन करून हे सांगितलं. म्हणाली, "आमच्या साहेबांना दोन दिवसांच्या शिबिरात हे कळलं नव्हतं." मग म्हणाली, "पण वहिनी, कोट कुणाचा म्हणालीस?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, ठेवते.

१० तारीख, सोमवार

इस्पितळाचं तीन महिन्यांचं बिल एकदम निघालं. ठरवलं, आता ह्या माणसाचं तोंडच बघायचं नाही. सगळं मुद्दल फेडायचं, चारी बांगड्या आणायच्या. पैसे कापडी पिशवीत घातले, वर दोन टॉवेल टाकले.

पेढीवाला उठून उभा राहिला. खुर्ची पुसली. चहा सांगितला. तेव्हाच मला शंका आली, कारण चौदा महिन्यांत त्याने मला पाणी विचारलं नव्हतं.

"ताई, पैसे आणलेत ते उत्तम केलंत. दागिने मात्र आज नाहीत इथे."

"कुठे आहेत?"

"सुरक्षित आहेत."

"मी कसे आहेत विचारलं नाही. कुठे आहेत विचारलं."

"बँकेत. माझं तारण म्हणून. आता काय झालंय, मला तिथेही पंधरा भरायचेत. ते भरल्याशिवाय बँक काही सोडत नाही. तुम्ही पैसे दिलेत की मी ते तिकडे भरतो, मग ते सोडतात, मग—"

"म्हणजे मी आधी पैसे द्यायचे, वस्तू नंतर बघू?"

"विश्वासावर चालतं ताई सगळं."

"मग तुम्ही ठेवा विश्वास. बांगड्या आणा, पैसे घ्या." पिशवी उघडलीसुद्धा नाही. "आणि आजपासून व्याज बंद. मी द्यायला आले होते, तुम्ही घेतलं नाहीत."

"व्याज असं बंद होत नाही हो."

"आणि दागिने मात्र असे बंद होतात?"

तो म्हणाला, "उद्या या." चहा आला तो मी घेतला नाही. आता वाटतं, घ्यायला हवा होता. आपल्याच व्याजाचा होता.

११ तारीख, मंगळवार

गेले. "उद्या या."

१३ तारीख, गुरुवार

धाकटीचा फोन. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी येतेय. तिच्या मुलीला दूरच्या गावी नोकरी लागलीय, तिकडे जायच्या आधी आईच्या दोन बांगड्या तिच्या हातात घालायच्यात.

"आहेत ना गं नीट?"

"आहेत. न असायला काय झालं?"

"कपाटातच?"

"मग काय फ्रीजमध्ये?" मी म्हटलं.

ती हसली. आमची आईही असंच बोलायची, म्हणाली. फोन ठेवल्यावर मी कपाट उघडून बघितलं. का बघितलं कोण जाणे. तिथे नव्हत्याच, हे मला ठाऊक होतं. लाल मखमलीची डबी होती. उघडली, बंद केली.

पेढीवाल्यावर डोकं भडकलंय. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची आणि वर "सुरक्षित आहेत" म्हणायचं. किती निबर कातडी लागत असेल त्याला.

१४ तारीख, शुक्रवार

कोट परत आला नाही. तीन दिवसांचे दहा झाले. त्या हॉटेलातल्या मुलाखतवाल्याला फोन केला, तो उचलत नाही. त्या नव्या बाईला चादरी गार पाण्यात टाकायला अखेर जमलं.

१७ तारीख, सोमवार

आज वाईट झालं.

दुपारी बोटीवरचा दारात. पंचवीस तारखेला येणार होता. म्हणाला, बोट लवकर लागली. हसतमुख, हातात माझ्यासाठी साबणाची वडी. दर वेळी कुठल्या कुठल्या बंदरातून आणतो. "माझा कोट द्या. उद्या संध्याकाळी भावाकडे कार्यक्रम आहे."

माझ्या तोंडून निघालं, "उद्या या."

मी ते म्हटलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. हे मागे इस्त्री करत होते. इस्त्री थांबली. ह्यांनी वर बघितलं नाही, पण वाफेचा आवाज बंद झाला एवढं खरं.

"उद्या कशाला?" तो म्हणाला. "सहा महिने झाले की."

"डाग होता. पुन्हा धुवायला टाकलाय."

"डाग? मी तर स्वच्छ दिला होता."

"सुरक्षित आहे हो," मी म्हटलं.

तो गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "चहा तरी विचारायचा होतास."

१८ तारीख, मंगळवार

सकाळी त्या मुलाखतवाल्याच्या पत्त्यावर गेले. दोन बस बदलून. त्याच्याकडे कोट नाही. त्याची मुलाखत सात तारखेलाच झाली. आठला त्याने तो मेव्हण्याला दिला, मेव्हण्याची मुलाखत होती. भाडं घेऊन. मेव्हण्याने त्याच्या शेजाऱ्याला दिला.

"माझ्याकडून नेलेली वस्तू तुम्ही पुढे दिलीत?" मी ओरडले. जिन्यावर दोन दारं उघडली.

"तुम्हाला तुमचं भाडं मिळणारच होतं की," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि कोट तुमचा आहे का?"

मी शेजाऱ्याचा पत्ता मागून घेतला. शेजाऱ्याच्या घरी गेले. तिसरा मजला. तो माणूस लाजून लाल झाला. कोट खुंटीवर होता, नीट. बाहीवर चहाचा डाग आणि एक बटण वेगळंच लावलेलं. कोणाच्या हातून तुटलं ते तिघांपैकी एकालाही माहीत नाही. म्हणजे माहीत असणारच. कबूल कोणी करत नाही.

दुपारभर बसून डाग काढला. तसं बटण नव्हतं, म्हणून मग सगळीच बटणं नवी लावली, एकसारखी. संध्याकाळी बोटीवरचा आला तेव्हा तयार होता. त्याने घातला, आरशात बघितला, खिशात हात घातला आणि एक कागद काढला. मुलाखतीचं बोलावणं. नाव कुणाचं तरी, मी वाचलं नाही. शेजाऱ्याचं असणार.

मला वाटलं, आता ओरडेल. मी मनातल्या मनात उत्तरं लावून ठेवली. त्याने कागद सावकाश वाचला, परत घडी घातली.

"लागली का ह्याला नोकरी?"

"अजून कळलं नाही."

"हं." बटणांवरून बोट फिरवलं. "वर्षानुवर्षं असंच चाललंय का हो वहिनी?"

"तीन वर्षं."

"मला सांगायचं होतंत. मी नको म्हटलं नसतं. कदाचित." कागद माझ्यासमोर ठेवला. "फक्त विचारायचं होतंत."

धुलाईचे पैसे देऊन गेला. मी नको म्हणत होते. बोर्डावरचा दर, एक पैसा कमी नाही की जास्त नाही.

१९ तारीख, बुधवार

काही लिहायचं नाही. साबणाची वडी चांगली आहे.

२१ तारीख, शुक्रवार

टीव्हीवर तोच टायवाला. मोठ्या बँकेची बैठक पुढच्या महिन्यात होती, ती आजच घेतली. दर पाव टक्का खाली. आणि सोन्यावरचा आकडा पासष्टवरून पंचाहत्तर. शिवाय बँकांनी सोन्याचे कागद आणले तर ती थेट पैसे देणार, कितीही.

नणंदेला लगेच बोलावलं. ह्या वेळी चादर हुंगली नाही, दमलेली होती. म्हणाली, आठ दिवस बँकेत दुपारी जेवण नाही.

"झालं काय वहिनी, सगळ्या पेढ्यांनी एकदम लोकांकडे पंधरा पंधरा मागितले. तुझ्यासारखे ज्यांच्याकडे होते ते भरायला निघाले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचं सोनं विकलं. इतकं सोनं एकदम बाजारात आलं की भाव अजून पडला. भाव पडला की पुन्हा मागणं. मग बँकाच एकमेकींचं तारण घ्यायला घाबरायला लागल्या. आज दिलं तर उद्या त्याची किंमत काय उरणार? दर बोर्डावर तोच. पण त्या दराने पैसे कोणी कोणाला देईना."

"मग मोठ्या बँकेला खाली यावं लागलं."

"यावंच लागलं. आपण दर ठरवतो असं तिला वाटत असतं. तारण अडकलं की दराला कोण विचारतं? हे आपलं माझं म्हणणं. मला सगळं कळतं असं नाही. पण ह्या टेबलावर मी सतरा वर्षं बसलेय."

"म्हणजे मी इथून आरडाओरडा केला म्हणून तिथे बैठक झाली?"

"तू एकटी नाही. तुझ्यासारख्या लाखभर बाया आणि त्यांच्या बांगड्या."

मला जरा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. भाजी चिरताना ह्यांना सांगितलं, मोठ्या बँकेला हलवलं आपण. हे म्हणाले, "त्यांना हलवलंस. धाकटीला कधी सांगणार?"

मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, डबीत धाकटीच्याही नाहीत हे मला चौदा महिने माहीत आहे.

चौदा महिने. आणि एक शब्द नाही. ह्या माणसाच्या पोटात काय काय राहतं देव जाणे.

२२ तारीख, शनिवार

पेढीवर रांग. बायाच बाया, प्रत्येकीच्या हातात पावती, उलटी धरून मुंग्या वाचायचा प्रयत्न. पेढीवाला बारीक झालाय. शर्टाची कॉलर मळलेली, आमच्याकडे टाकली असती तर दोन दिवसांत दिली असती.

"ताई, दोन आल्या. दोन यायच्यात."

"चार दिल्या होत्या."

"दोन वेगळ्या पाकिटात गेल्या होत्या. ते पाकीट दुसऱ्या बँकेकडे गेलं. कुठल्या ते मी विचारलंय. तेही विचारतायत."

"ते कोणाला विचारतायत?"

त्याने ह्या वेळी छताकडे बोट केलं नाही. नुसते हात पसरले. मला पहिल्यांदा वाटलं की हा खोटं बोलत नाहीये. ह्याला खरंच माहीत नाही. ते जास्त वाईट.

निम्मं मुद्दल दिलं, दोन बांगड्या घेतल्या. घरी येऊन खिडकीत धरून बघितल्या. माझी एक धुलाईच्या मशीनच्या दारात अडकून चेपली होती, ती ओळखते. ती आलीय. दुसरी गुळगुळीत. माझी दुसरी की धाकटीची, कसं सांगणार? चारी एका साच्यातल्या, आईने एका दिवशी घेतलेल्या. डबीत ठेवल्या. डबी अजून अर्धी रिकामी दिसते.

२४ तारीख, सोमवार

धाकटीला फोन केला. मशीन बंद केलं आधी, म्हणजे आवाज नको. सगळं सांगितलं. बॉयलर, पेढी, पंधरा, पंचाहत्तर, दोन आल्या, दोन कुठे आहेत ते पेढीवाल्यालाही माहीत नाही. मोठ्या बँकेचंही सांगायला लागले.

"ते राहू दे," ती म्हणाली. "माझ्या दोन तू कधी नेल्यास?"

"चौदा महिने झाले."

"चौदा महिन्यांत आपण किती वेळा बोललो?"

मोजलं नाही. दर रविवारी बोलतो.

"ताई, बॉयलरसाठी मी नाही म्हटलं असतं का?"

बोटीवरच्याने 'कदाचित' म्हटलं होतं. हिने 'कदाचित'सुद्धा म्हटलं नाही. मी म्हटलं, ज्या दोन आल्यात त्या तू घे. तुझ्याच समज.

"एक चेपलेली ना? ती तुझी आहे. तुझी वस्तू मला देऊन तू सुटणार? मला माझी बांगडी हवी. आणि बांगडीपेक्षा मला हे हवंय की तू मला का नाही विचारलंस. शुक्रवारी मी येतेय. तोवर विचार करून ठेव. 'पडून होत्या' हे सांगू नकोस, ते मला आताच ऐकू येतंय."

तेच सांगणार होते मी.

मशीन सुरू केलं. चादरी अर्ध्या भिजून पडल्या होत्या.

२५ तारीख, मंगळवार

सकाळपासून विचार केला. इस्त्री करताना सहसा सुचतं, आज सुचलं नाही. खरं कारण लिहायचं तर असं: विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि मग मला उपकार घ्यावा लागला असता. न विचारता घेतलं की तो व्यवहार होतो, उपकार होत नाही. असं काहीतरी. शुक्रवारी हे तोंडातून निघेल का, माहीत नाही.

दुकानात बोर्डाखाली ह्यांच्याकडून एक ओळ लिहून घेतली. माझं अक्षर लोकांना दाखवण्यासारखं नाही. "मालकाला विचारल्याशिवाय कपडा बाहेर जाणार नाही." ह्यांनी रंगवून दिली आणि म्हणाले, "उशीर झाला, पण बरं दिसतंय."

आता पेढीवाल्याला चिठ्ठी. इथे आधी कच्ची लिहिते, मग नणंदेकडून शुद्ध करून घेईन. नाही, नको. ती गोड करते. माझीच पाठवते.

"पेढीवाल्यांस,

माझ्या दोन बांगड्या तुमच्याकडे ठेवायला दिल्या होत्या. त्या आता कोणाकडे आहेत, त्यांनी पुढे कोणाला दिल्या, आणि त्यांच्यापुढे अजून किती हात आहेत, हे मला लेखी पाहिजे. नावं पाहिजेत. 'वर' हे नाव नाही. 'सुरक्षित' हा पत्ता नाही. 'उद्या या' हे उत्तर नाही. ते मी स्वतः एका माणसाला देऊन बघितलंय.

दहा तारखेपासूनचं व्याज मी देणार नाही. उरलेलं मुद्दल पिशवीत तयार आहे.

तुम्हाला माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, पण लिहा. गुरुवारी, सत्तावीस तारखेला, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. पाच म्हणजे पाच. कारण त्या दोन बांगड्यांपैकी निदान एक माझी नाही, आणि शुक्रवारी सकाळी जिची आहे ती माझ्या दारात उभी राहून मला हाच प्रश्न विचारणार आहे."